पाच गुणांचा हिशेब



मागल्या धड्यात आपण पगाराची चिठ्ठी वाचायला शिकलो. कामाचे दिवस किती भरले, खाडे किती पडले, किती कापले, हाती किती आले, हे सगळे त्या चिठ्ठीवर असते. ती वाचता आली, की पगार कमी का आला हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

आज तसाच आणखी एक कागद वाचू. तो आहे फुटबॉलच्या गुणांचा तक्ता. खेळाचे काय शिकायचे, असे कोणी म्हणेल. पण या तक्त्यात आपल्या देशाची एक हार लिहिलेली आहे. ती हार कोठे झाली असे विचारले, तर पुष्कळ लोक एका रात्रीचे नाव घेतात. तक्ता मात्र वेगळे सांगतो. काय सांगतो, ते आपण स्वतः वाचून पाहू.

दोहाची रात्र

दर चार वर्षांनी फुटबॉलचा विश्वचषक भरतो. पण वाटेल त्या देशाला तेथे जाता येत नाही. आधी पात्रता फेरी खेळावी लागते. म्हणजे मोठ्या परीक्षेला बसण्याआधी चाचणी परीक्षा द्यावी लागते म्हणा ना. २०२६ च्या विश्वचषकासाठी आशियातील देशांची अशी चाचणी चालू होती. दुसऱ्या फेरीत चार चार देशांचे गट पाडले होते. भारताच्या गटात कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान हे देश होते. प्रत्येक देशाने दुसऱ्या प्रत्येक देशाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या घरी आणि एकदा त्याच्या घरी. म्हणजे प्रत्येकाचे सामने सहा. पहिले दोन देश पुढे जायचे, उरलेल्या दोघांनी घरी बसायचे.

११ जून २०२४ ची रात्र. कतारची राजधानी दोहा. भारताचा सहावा आणि शेवटचा सामना कतारशी होता. जिंकलो तर पुढे, अशी वेळ आली होती. ३७ व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटे या आपल्या खेळाडूने गोल केला. हा मिझोरामचा गडी मुंबई सिटी या संघाकडून खेळणारा. भारत एक, कतार शून्य. सामना नव्वद मिनिटांचा असतो. सत्तर मिनिटे गेली तरी आपणच पुढे होतो.

७३ व्या मिनिटाला घोटाळा झाला. कतारच्या खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू आपला गोलरक्षक गुरप्रीत सिंग याने अडवला. चेंडू घरंगळत मैदानाच्या रेषेबाहेर गेला. चेंडू रेषेबाहेर गेला, की खेळ थांबतो, हा नियम आहे. आपले खेळाडू थांबले. पण कतारच्या एका खेळाडूने तो चेंडू पायाने आत ओढला आणि दुसऱ्याने गोलात मारला. पंचाने शिट्टी वाजवली नाही. गोल दिला. चित्रफीत पाहून निर्णय तपासायची सोय या फेरीत नव्हती. ८५ व्या मिनिटाला कतारने आणखी एक गोल केला. भारत एक, कतार दोन. सामना संपला.

आपल्या फुटबॉल संघटनेने तक्रार केली. पण निकाल बदलला नाही.

असे झाले म्हणजे माणसाच्या जिवाला लागते. नाक्यावर, चाळीच्या गॅलरीत, हॉटेलात चहा पिताना एकच वाक्य ऐकू येते. "पंचाने बुडवले हो आपल्याला!" हे वाक्य खोटे नाही. तो गोल देणे चूकच होते. आपण अन्यायाला अन्यायच म्हणू.

पण पगाराची चिठ्ठी आठवा. शेवटच्या दिवशी मुकादमाने एक दिवस चुकीचा कापला, म्हणून आपण भांडतो. भांडावेच. पण त्याच महिन्यात आपले स्वतःचे पाच खाडे असतील, तर? त्यांचा हिशेब कोणी द्यायचा?

आता तक्ता वाचू

फुटबॉलमध्ये गुणांचा नियम सोपा आहे. सामना जिंकला, तर ३ गुण. बरोबरी झाली, तर दोघांना १-१ गुण. हरला, तर शून्य. आता भारताचे सहा सामने ओळीने वाचा. मोठ्याने वाचा.

पहिला सामना. १६ नोव्हेंबर २०२३. कुवेत येथे. भारत १, कुवेत ०. जीत. गुण ३.

दुसरा सामना. २१ नोव्हेंबर २०२३. भुवनेश्वर येथे. भारत ०, कतार ३. हार. गुण ०.

तिसरा सामना. मार्च २०२४. सौदी अरेबियातील अभा येथे. भारत ०, अफगाणिस्तान ०. बरोबरी. गुण १.

चौथा सामना. २६ मार्च २०२४. गुवाहाटी येथे. भारत १, अफगाणिस्तान २. हार. गुण ०.

पाचवा सामना. ६ जून २०२४. कोलकाता येथे. भारत ०, कुवेत ०. बरोबरी. गुण १.

सहावा सामना. ११ जून २०२४. दोहा येथे. भारत १, कतार २. हार. गुण ०.

बेरीज करा. तीन आणि एक चार, आणि एक पाच. भारताचे एकूण गुण ५.

आता बाकीच्यांचे पाहा. कतारचे गुण १६. कुवेतचे ७. अफगाणिस्तानचेही ५. कतार आणि कुवेत पुढे गेले. भारत तिसरा आला.

आता आपण जरा खोलात शिरू. या सहा सामन्यांपैकी आपल्या घरचे सामने कोणते? भुवनेश्वर, गुवाहाटी आणि कोलकाता. तीन सामने. घरी खेळताना हवा आपली, माणसे आपली, प्रवासाचा शीण नाही. तीन सामन्यांत जास्तीत जास्त गुण मिळाले असते ९. मिळाले किती? १. गोल किती केले? तोही एकच, आणि तोही पेनल्टीवर. घरच्या तीन सामन्यांत चालत्या खेळातून आपल्याला एकदाही गोल करता आला नाही.

आता गुवाहाटीचा सामना घ्या. अफगाणिस्तान हा देश लढायांनी होरपळलेला. त्यांना आपल्या घरच्या मैदानावर सामना भरवता येत नव्हता, म्हणून त्यांचा 'घरचा' सामना सौदी अरेबियात झाला. अशा संघाविरुद्ध गुवाहाटीत ७० व्या मिनिटापर्यंत आपण एका गोलाने पुढे होतो. तो गोल सुनील छेत्री याने आपल्या १५० व्या सामन्यात केला होता. मग अफगाणिस्तानने बरोबरी केली. सामना संपायला दोन मिनिटे उरली असताना त्यांना पेनल्टी मिळाली आणि आपण हरलो.

पाटी घ्या आणि हिशेब मांडा. गुवाहाटीत आपण जिंकलो असतो, तर ३ गुण वाढले असते. ५ आणि ३ मिळून ८. कुवेतचे ७. म्हणजे दोहाला हरूनही आपण दुसरे आलो असतो आणि पुढे गेलो असतो!

आणखी एक हिशेब. कोलकात्याला कुवेतला हरवले असते, तर बरोबरीच्या १ गुणाऐवजी आपल्याला ३ मिळाले असते. आपले झाले असते ७. कुवेतचा बरोबरीचा १ गुण गेला असता. त्यांचे राहिले असते ६. तेव्हाही आपण पुढे!

आता तिसरा हिशेब. हा जरा कडू आहे. समजा, पंचाने तो चुकीचा गोल दिलाच नसता. पण ८५ व्या मिनिटाचा गोल झाला असता. मग सामना १-१ असा सुटला असता. आपले गुण झाले असते ६. त्याच दिवशी कुवेतने अफगाणिस्तानला हरवून ७ केले होते. म्हणजे चुकीचा गोल पुसून टाकला, तरी आपण बाहेरच राहिलो असतो.

दोहाची रात्र वाईट होती. पण ती महिन्याचा शेवटचा दिवस होती. खाडे आधीच पडले होते, तेही घरच्या अंगणात पडले होते.

दुसरी परीक्षा

एकदा नापास झालेला विद्यार्थी पुढल्या वर्षी अधिक अभ्यास करतो. आपल्या संघाचे काय झाले?

२०२७ च्या आशियाई चषकासाठी पुन्हा पात्रता फेरी आली. गटात भारत, सिंगापूर, हाँगकाँग आणि बांगलादेश. या वेळी एकच देश पुढे जाणार होता. २५ मार्च २०२५ रोजी शिलाँगला बांगलादेशाशी ०-० अशी बरोबरी झाली. १० जूनला हाँगकाँगमध्ये अगदी शेवटच्या जादा वेळेत पेनल्टीवर गोल खाऊन ०-१ असे हरलो. ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये शेवटच्या मिनिटाला गोल करून १-१ अशी बरोबरी साधली. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, सिंगापूरशी दुसरा सामना झाला. १४ व्या मिनिटाला पुन्हा छांगटेनेच गोल केला. पुन्हा आपण पुढे. आणि पुन्हा दोन गोल खाऊन १-२ असे हरलो.

या वेळी पंचाची चूक नव्हती. मैदान परके नव्हते.

चार सामन्यांत आपले गुण २. दोन सामने उरले होते. दोन्ही जिंकले, तर ६ मिळतील. २ आणि ६ मिळून ८. सिंगापूर आणि हाँगकाँग यांचे प्रत्येकी ८ गुण आधीच झाले होते. शिवाय त्या दोघांचा आपसात एक सामना बाकी होता. त्यात एक जिंकला, तर तो ८ च्या पुढे जाणार. बरोबरी झाली, तर दोघेही ९ वर जाणार. म्हणजे कसेही झाले, तरी आपण पहिले येणे शक्य नव्हते. दोन सामने बाकी असतानाच दार बंद झाले. तक्ता वाचता येणाऱ्याला हे त्याच रात्री कळले.

या वेळचे प्रशिक्षक खालिद जमील हे मुंबईला ओळखीचे गृहस्थ. ते मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघाकडून खेळले आणि पुढे मुंबई एफसी या संघाला त्यांनी अनेक वर्षे शिकवले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्याकडे देशाचा संघ आला. तेव्हा देशातली मुख्य साखळी स्पर्धा कराराच्या घोळामुळे थांबलेली होती. एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारी ती स्पर्धा फेब्रुवारी २०२६ मध्ये सुरू झाली. खेळाडूला सामनेच नाहीत, तर त्याच्या पायात धार कोठून येणार? साचा महिनोनमहिने बंद ठेवला आणि एके दिवशी एकदम पट्टा चढवला, तर धागा तुटणारच. हे गिरणगावच्या जुन्या माणसांना सांगायला नको.

"पण एवढा मोठा देश!"

आता तुमच्यापैकी कोणी विचारील, "अहो, आपण एवढी करोडो माणसं. त्यांतून अकरा जण मिळू नयेत?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या वॉर्डातच सापडते. परळ, लालबाग, शिवडी हा भाग महापालिकेच्या एफ-दक्षिण वॉर्डात येतो. २०११ च्या जनगणनेत या एका वॉर्डात साडेतीन लाखांवर माणसे मोजली गेली. आणि कुरासाव नावाचे एक बेट आहे. तेथे सगळी मिळून दीड लाखाच्या आसपास माणसे. म्हणजे आपल्या वॉर्डाच्या निम्मीसुद्धा नाहीत. ते बेट नोव्हेंबर २०२५ मध्ये विश्वचषकाला पात्र ठरले.

हे कसे झाले? त्या बेटाचा नेदरलँड्स या देशाशी जुना संबंध आहे. त्यांचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये लहानाचे मोठे झाले. तेथे लहान मुलांना वयाप्रमाणे गट करून, शिकलेल्या प्रशिक्षकाकडून, वर्षभर खेळवतात. माणसे थोडी होती, पण जी होती त्यांना शिकवले गेले होते.

म्हणजे लोकसंख्या हा संघ नव्हे. पोत्यात ज्वारी पुष्कळ आहे, पण दळली नाही, थापली नाही, तर ताटात भाकरी येत नाही.

मुंबईने काय गमावले

आपल्या मुंबईत फुटबॉल नवा नाही. दक्षिण मुंबईत ओव्हल मैदानाजवळ कूपरेज मैदान आहे. रोव्हर्स चषक ही देशातील फार जुनी स्पर्धा. ती १८९१ साली मुंबईत सुरू झाली आणि पुढे कूपरेजवर रंगू लागली. कोलकाता, हैदराबाद, गोवा येथील मोठमोठे संघ ती खेळायला मुंबईला येत. १९५८ साली मुंबईच्याच कॅल्टेक्स संघाने तो चषक जिंकला.

नेव्हिल डिसोझा हे नाव लक्षात ठेवा. हा गोव्याच्या घरातला गडी मुंबईच्या मैदानांवर टाटा आणि कॅल्टेक्स या संघांकडून खेळला. १९५६ साली मेलबर्न येथील ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्या चारांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो आशियातला पहिला खेळाडू. त्या वर्षी भारत जगात चौथा आला. १९५१ आणि १९६२ साली आशियाई खेळांत भारताने सुवर्णपदक मिळवले. हे सारे आपल्याच देशात घडले आहे.

त्या काळी मुंबईत खेळाडूचे पोट कसे भरे? बड्या कंपन्या, रेल्वे, बँका आणि कापड उद्योग आपापले संघ ठेवत. मफतलाल, ओर्के मिल यांचेही संघ होते. खेळणाऱ्या पोराला नोकरी मिळे. बंधा पगार मिळे. सरावाला सुट्टी मिळे. घरचे म्हणत, "खेळ बाबा, नोकरी तरी पक्की आहे." लालबागचा पोरगा काय नि माझगावचा काय, त्याच्यापुढे एक वाट होती.

मग ती वाट मोडत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुढे कंपन्यांनीही संघ मोडले. रोव्हर्स चषक २००१ च्या सुमारास बंद पडला. महिंद्र युनायटेड हा नावाजलेला संघ २०१० साली बंद झाला. मुंबई सिटी हा व्यावसायिक संघ २०१४ साली निघाला आणि त्याने मोठी बक्षिसेही मिळवली. पण एका बड्या संघात पंचवीस-तीस जागा. पूर्वीच्या अनेक लहान संघांतून कितीतरी पोरांची सोय होत असे. शिखर राहिले, पायऱ्या गेल्या.

व्यावसायिक संघांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गोल करण्याची पुढची जागा हे संघ बहुधा परदेशी खेळाडूला देतात. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये पहिल्यांदा निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर देशासाठी ९४ गोल होते. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलवावे लागले. चाळीस वर्षांच्या माणसाला परत बोलवावे लागते, याचा अर्थ त्याच्यामागे कोणी तयार झालेला नव्हता.

आणि आपण बघे लोक? १ जून २०१८ ला अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले. मैदानात अडीच हजारांच्या आसपास माणसे होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून सांगितले, की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनच्या सामन्याला मैदान भरून गेले. एका माणसाने बोलावले, तर मुंबई आली. बोलावल्यावाचून का येत नाही, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

एका जुन्या गोष्टीचा गैरसमज

१९५० साली ब्राझीलच्या विश्वचषकाला जायची संधी भारताला मिळाली होती. गटातल्या बाकीच्या देशांनी माघार घेतल्यामुळे ती मिळाली. पण आपण गेलो नाही. लोक सांगतात, "बूट नव्हते म्हणून गेलो नाही." ही ऐकीव गोष्ट आहे. संघटनेने सरावाला वेळ नाही आणि संघनिवडीचा मेळ बसत नाही, अशी कारणे दिली होती. त्या काळी आपल्याकडे ऑलिंपिकलाच मोठा मान होता. विश्वचषकाचे मोल कोणी ओळखले नाही. दार उघडे होते, तेव्हा आपण उठलो नाही. त्यानंतर ते पुन्हा उघडलेले नाही.

बुटांची गोष्ट आपल्याला आवडते, कारण तिच्यात दोष आपला नसतो. दोहाच्या पंचाची गोष्टही तशीच आवडते. म्हणून अशा गोष्टींपासून जपून राहावे. त्या खऱ्या असल्या, तरी पुऱ्या नसतात.

उझबेकिस्तानची गोष्ट

आता दुसऱ्या एका देशाची गोष्ट ऐका. उझबेकिस्तान हा मध्य आशियातला देश १९९१ साली स्वतंत्र झाला. २००५ साली विश्वचषकाच्या पात्रतेसाठी त्यांचा बहरीनशी सामना होता. उझबेकिस्तान एका गोलाने पुढे होते. त्यांनी पेनल्टीवर दुसरा गोल मारला. पण पेनल्टी घेताना त्यांचेच खेळाडू आत घुसले होते. नियमाप्रमाणे पेनल्टी पुन्हा घ्यायला हवी होती. पंचाने चुकून चेंडू बहरीनला दिला. उझबेकिस्तानने तक्रार केली. तेव्हा जिंकलेला सामनाच रद्द ठरला आणि पुन्हा खेळावा लागला! पुन्हा खेळलेल्या सामन्यात १-१ झाले, पुढच्यात ०-० झाले. परक्या मैदानावर केलेल्या गोलाच्या नियमाने बहरीन पुढे गेले.

पंचाच्या चुकीने बुडालेला देश पाहायचा, तर हा पाहा.

पुढे २०१३ साली काय झाले? गटात त्यांचे आणि दक्षिण कोरियाचे गुण सारखे. गोलांच्या फरकात फक्त एका गोलाने उझबेकिस्तान मागे पडले. मग जॉर्डनशी जादा सामने झाले. तेथे पेनल्टीवर ८-९ असे हरले.

असे झाल्यावर माणूस नशिबाला बोल लावून बसला असता. त्यांनी मुलांकडे लक्ष दिले. २०२३ साली वीस वर्षांखालील मुलांचा आशियाई चषक त्यांनी जिंकला. २०२४ साली त्यांचा तरुण संघ पॅरिस ऑलिंपिकला गेला. २०२५ साली सतरा वर्षांखालील मुलांनीही आशियाई चषक जिंकला. आणि ५ जून २०२५ रोजी मोठा संघ पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरला. २००५ ते २०२५. वीस वर्षे. पहिल्या चुकीच्या दिवशी जन्मलेले मूल तोवर जवान झाले.

पेनल्टीवर त्यांना हरवणारे जॉर्डनही त्याच दिवशी पहिल्यांदा पात्र ठरले. दोघांनीही वाट पाहिली, पण हात बांधून पाहिली नाही.

आपल्या मुली

असे उदाहरण आपल्या घरातही आहे. जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक आपल्याकडे, मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाला. विश्वचषकाला जाण्याची वाट त्यातूनच होती. पण आपल्या संघात कोरोना शिरला. २३ जानेवारीला नवी मुंबईत सामन्यासाठी लागणाऱ्या तेरा मुलीही उभ्या राहू शकल्या नाहीत. आपल्याच घरच्या स्पर्धेतून, न हरता, बाहेर पडावे लागले. याहून वाईट काय असते?

त्या मुलींनी पुन्हा सुरुवात केली. जुलै २०२५ मध्ये थायलंडला जाऊन, थायलंडलाच २-१ असे हरवून, त्या पुढच्या आशियाई चषकाला पात्र ठरल्या. पात्रता फेरी जिंकून तेथे जाण्याची ही आपल्या महिला संघाची पहिलीच वेळ. पुरुषांचा संघ फातोर्ड्याला अडला, त्याच्या तीन महिने आधीची ही गोष्ट आहे.

मग आपण काय करावे?

देशाचा संघ आपल्या हातात नाही. पण गल्लीतला पोर आपल्या हातात आहे. गिरगावच्या वाडीत, दादरच्या चाळीत, लालबागच्या चौकात पोरे चेंडू घेऊन उतरली, की आपण पहिले काय म्हणतो? "काचा फोडाल! जा तिकडे!" पण 'तिकडे' म्हणजे कोठे? परळला झेवियर मैदान आहे, दक्षिणेला आझाद मैदान, क्रॉस मैदान आहे. तेथवर पोरांना नेणारा कोणी मोठा माणूस आठवड्यातून एक दिवस हवा. आपली मंडळे गणपतीचा एवढा मोठा कारभार चोख करतात, वर्षाचा जमाखर्च छापून वाटतात. तीच मंडळे रविवारी वीस मुले आणि वीस मुली घेऊन मैदानावर गेली, तर त्याला फार पैसा लागत नाही. लागते ते सातत्य. खाडा न करता जाणे.

आणि एक गोष्ट या वर्गाने करावी. हार झाली, म्हणजे कागद मागावा. तक्ता वाचावा. कोण सांगतो यापेक्षा आकडे काय सांगतात ते पाहावे. मग तो फुटबॉल असो, पतपेढीचे पासबुक असो, की पोराचे प्रगतिपुस्तक असो. शेवटच्या दिवशी झालेला अन्याय सगळ्यांना दिसतो. आधीचे खाडे वाचणाऱ्यालाच दिसतात.

शब्दांचे अर्थ

पात्रता फेरी – मोठ्या स्पर्धेत जाण्यासाठी आधी खेळायचे सामने.
बरोबरी – कोणीच न जिंकणे, दोघांचे गोल सारखे होणे.
पंच – खेळात न्याय देणारा माणूस.
खाडा – कामावर न गेलेला दिवस. त्या दिवसाचा पगार कापतात.
सातत्य – न चुकता, न थांबता करणे.

प्रश्न

१. दोहाच्या सामन्यात पंचाची चूक कोणती झाली?
२. भारताला घरच्या तीन सामन्यांत किती गुण मिळाले? किती मिळू शकले असते?
३. गुवाहाटीचा सामना जिंकलो असतो, तर काय झाले असते? पाटीवर हिशेब मांडून दाखवा.
४. उझबेकिस्तानने हार झाल्यावर काय केले?

हिशेब करा

भारत आणि अफगाणिस्तान यांचे गुण सारखेच, ५-५. मग भारत तिसरा आणि अफगाणिस्तान चौथा कसा? गुण सारखे झाले, तर गोलांचा फरक पाहतात. भारताने ३ गोल केले आणि ७ खाल्ले. अफगाणिस्तानने ३ केले आणि १४ खाल्ले. दोघांची वजाबाकी करा. कोणाची तूट कमी आहे, ते लिहा.

घरी करा

तुमच्या घराजवळ मुलांना खेळायला मोकळी जागा कोणती आहे? ती किती वाजता मोकळी असते? तेथे मुली खेळतात का? पाच ओळी लिहून पुढच्या वर्गाला आणा.